स्टिक मेलेली नाही, बोर्डाला ती वाचता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेत छोटा डीटीपीचा व्यवसाय. २०१० च्या सुमाराचा असेंबल्ड डेस्कटॉप, त्यात इंटेल जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या मुख्य चिपेचा) मदरबोर्ड, ड्युअल कोर प्रोसेसर, २ जीबी डीडीआर३ रॅम आणि ३२ बिट विंडोज ७. अंकाची पानं लावताना मशिन अडकतं, म्हणून तपकीर गल्लीतून ४ जीबी डीडीआर३ १६०० ची रॅमची नवी कोरी स्टिक आणली. ती लावली की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळाच. जुनी स्टिक लावली की सगळं पूर्ववत. दुकानदार म्हणतो, 'स्टिक टेस्ट केलेली आहे, तुमचा बोर्ड गेला.' शिवाय घरी मुलीचा चौथ्या पिढीच्या आय५चा लॅपटॉप आहे, त्यातही रॅम ४ ची ८ जीबी करायची आहे. नेमकं काय घ्यावं?

दुकानदार खोटं बोलत नाही आणि तुमचा बोर्डही गेलेला नाही. जुन्या स्टिकवर मशिन चालतंय म्हणजे बोर्ड धडधाकट आहे. ही स्टिक दुसऱ्या एखाद्या मशिनमध्ये पहिल्या झटक्यात चालेल, पैज लावतो. अडचण दोघांच्या वयातल्या अंतराची आहे. पुण्यात पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय आणि आठवड्याला एखादं तरी गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन येतं.

आता एक करा. ती नवी स्टिक हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या चिपा मोजा. दोन्ही बाजू बघा. माझा अंदाज, एकाच बाजूला ८ चिपा असतील आणि दुसरी बाजू कोरी.

हिशेब सोपा आहे. ४ गिगाबाइट म्हणजे ३२ गिगाबिट. त्या ३२ गिगाबिट ८ चिपांत बसवल्या तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची झाली. जी४१ हा २००८ सालचा चिपसेट. त्याला डीडीआर३ची जास्तीत जास्त २ गिगाबिटची चिप कळते. ४ गिगाबिटच्या चिपेतल्या सगळ्या ओळींपर्यंत पोचायला पत्त्याची एक तार जास्त लागते, ती या चिपसेटच्या हिशेबातच नाही. वाड्यावर आणखी मजले चढवले, पण जिना खालच्या मजल्यांपुरताच ठेवला, तर वरच्या खोल्या असून नसल्यासारख्या. म्हणूनच काही बोर्डांवर अशी स्टिक निम्मीच दिसते, ४ ची २ जीबी. काही बोर्ड तेवढंही करत नाहीत, काळा स्क्रीन दाखवून गप्प बसतात. तुमचा दुसऱ्या प्रकारातला.

याच बोर्डावर ४ जीबीची स्टिक चालत नाही असं मात्र नाही. जी४१ ला एकूण ८ जीबी चालते, पण त्यासाठी दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे १६ चिपांची ४ जीबीची स्टिक हवी. लेबलवर ती बहुधा '२आरएक्स८' अशी लिहिलेली असते. 'आर' म्हणजे रँक, एका वेळी एकत्र वाचला जाणारा चिपांचा गट, आणि शेवटचा ८ हा एकेका चिपेची रुंदी, बिटमध्ये. '१आरएक्स८' लिहिलेली ४ जीबीची स्टिक या बोर्डासाठी घेऊ नका. २ जीबीच्या स्टिकलाही हाच न्याय. ८ किंवा १६ चिपांची असेल तर घ्या. चारच मोठ्या चिपांची २ जीबीची स्टिकही बाजारात मिळते. ती दिसायला सुटसुटीत असते, पण तिच्यातही ४ गिगाबिटच्याच चिपा आहेत.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर चिपेवरचा नंबर भिंगातून वाचा. सॅमसंगच्या डीडीआर३ चिपेचा नंबर 'के४बी'ने सुरू होतो. त्यापुढे '२जी' असेल तर २ गिगाबिट, '४जी' असेल तर ४. हायनिक्सचा 'एच५टीक्यू२जी' असा असतो. आता लेबलं कुठेही छापून मिळतात. चिपेवरच्या नंबराशी खेळ करणं तितकं सोपं नाही, म्हणून मी लेबलाआधी चिप वाचतो.

आता '१६०० आहे म्हणून चालत नाही' असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. तसं नाही. वेग ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. जास्त वेगाची स्टिक कमी वेगाच्या बोर्डावर लावली की ती बोर्डाच्या चालीने चालते, आणि दोन वेगवेगळ्या स्टिका एकत्र लावल्या की दोघीही मंद असेल तिच्या चालीने. जी४१ अधिकृतपणे डीडीआर३ १०६६ पर्यंतच जातो, त्यामुळे १६०० साठी चार पैसे जास्त देण्यात अर्थ नाही एवढंच. लेबलवरच्या 'पीसी३-१०६००' वगैरे आकड्यांनी गोंधळू नका. १३३३ ला ८ ने गुणलं की साधारण १०६०० येतात, १६०० ला गुणलं की १२८००. एकाच गोष्टीची दोन नावं.

मग ही मर्यादा ठरवतं कोण? इंटेलच्या जुन्या मशिनमध्ये, म्हणजे पेंटियम ४, ड्युअल कोर, कोअर २ ड्युओ यांच्या काळात, रॅम सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरबाहेर चिपसेटमध्ये असायचा. म्हणून तिथे 'बोर्ड कोणता' हा प्रश्न पहिला. २००८ पासून, कोअर आय मालिकेबरोबर, तो प्रोसेसरच्या आत गेला. तिथे 'प्रोसेसर कोणत्या पिढीचा' हे आधी विचारायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३, आय५ ला ४ गिगाबिटच्या चिपा बिनबोभाट चालतात. त्यांच्यासाठी ८ जीबीची स्टिक १६ चिपांची घ्यायची. ८ गिगाबिटच्या आठच चिपांची ८ जीबी डीडीआर३ स्टिक इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत चालत नाही. गोष्ट तीच, फक्त एक पायरी वर.

एएमडीने हा कंट्रोलर २००३ मध्येच प्रोसेसरमध्ये घेतला होता. त्यावरून माझी एक फसगत सांगतो. डीडीआर२ची चणचण होती तेव्हा ४ जीबीच्या ८०० च्या स्टिका कुठूनतरी निम्म्या भावात मिळतायत म्हणून मी दहा घेतल्या. लेबलवर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'फॉर एएमडी' लिहिलेलं. मी मनात म्हटलं, रॅमला कसली आलीय जात! एकही स्टिक इंटेलच्या बोर्डावर चालली नाही. त्यातल्या चिपांची ओळी-रकान्यांची मांडणीच वेगळी होती. एएमडीचा कंट्रोलर ती वाचतो, इंटेलचे त्या काळातले चिपसेट वाचत नाहीत. विकणाऱ्याने 'लेबल वाचलं नाहीत का' म्हणून हात वर केले, आणि ते बरोबरच होतं. पुढे दोन वर्षांत एएमडीची मशिनं येत गेली तशा सात खपल्या. तीन अजून खणात आहेत.

स्वस्ताचा दुसरा सापळा सर्व्हरच्या रॅमचा. मोठ्या कंपन्यांमधून निघालेली सर्व्हर रॅम बाजारात ढिगाने येते आणि ८ जीबीची स्टिक अविश्वसनीय भावात मिळते. लेबलवर आकड्यानंतर 'आर' असेल, जसं पीसी३-१२८००आर, तर ती रजिस्टर्ड रॅम आहे. साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. साध्या स्टिकला तिथे 'यू' असतो, लॅपटॉपच्या स्टिकला 'एस'. लेबल फाटलेलं असेल तर पुन्हा चिपा मोजा. एका बाजूला ८ ऐवजी ९ दिसल्या तर नववी चूक पकडणारी, म्हणजे ईसीसी. नऊ दिसल्या की स्टिक खाली ठेवायची आणि चहा प्यायला निघायचं.

आता तुमच्या मशिनसाठी काय घ्यावं? इथे दुकानदाराने तुम्हाला विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारतो. विंडोज ३२ बिट ठेवणार आहात का? ठेवणार असाल तर ४ जीबीच्या पुढची प्रत्येक रुपयाची रॅम वाया आहे. ३२ बिट विंडोज ७ चे पत्तेच ४ जीबीला संपतात. त्यातले काही ग्राफिक्स आणि इतर उपकरणांना जातात, म्हणून ४ जीबी लावूनही स्क्रीनवर 'सव्वातीन वापरण्याजोगी' असं काहीतरी दिसतं. अनेक जण हे बघून स्टिक बनावट म्हणून परत करायला येतात. स्टिक ठीक असते.

'मग ६४ बिट टाका' हे सांगणं सोपं आहे. पण डीटीपीवाल्यांची अडचण मला माहीत आहे. वर्षानुवर्षांचे फॉन्ट, त्यांचं डाँगल (मशिनला लावायची परवान्याची किल्ली), जुना स्कॅनर, आणि एखादा पंधरा वर्षांपूर्वीचा प्रिंटर जो अजून कुरकुर न करता ट्रेसिंग काढून देतो. ६४ बिट विंडोजला प्रत्येक उपकरणाचा ६४ बिट ड्रायव्हर लागतो, ३२ बिटचा चालत नाही. १६ बिटच्या काळातलं काही वापरत असाल तर ते अजिबात उघडणार नाही. तेव्हा आधी डाँगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते बघा. दिवाळी अंकाच्या तोंडावर तर हा उद्योग करूच नका. गिऱ्हाईक प्रुफाची वाट बघत बसलेलं असताना डाँगल ओळखलं जात नाही, हा प्रसंग मी दुसऱ्यांच्या ऑफिसात उभं राहून पाहिलेला आहे.

म्हणून माझा सल्ला असा. ३२ बिटच ठेवायचं असेल तर आहे त्या २ जीबीच्या स्टिकला जुळी शोधा. २ जीबी, डीडीआर३, १०६६ किंवा १३३३, ८ किंवा १६ चिपांची. दोन स्लॉटमध्ये दोन सारख्या स्टिका लागल्या की ड्युअल चॅनेल सुरू होतं, म्हणजे दोन्ही स्टिका एकाच वेळी वापरल्या जातात. तुमच्या बोर्डावर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच रॅममधून भागवलं जातं, त्यामुळे पान सरकवताना फरक जाणवतो. ६४ बिटवर जाणार असाल तर १६ चिपांच्या ४ जीबीच्या दोन स्टिका घ्या आणि जुनी २ जीबीची काढून ठेवा. नव्या दुकानात अशा स्टिका सहसा मिळत नाहीत, कारण कारखान्यांनी दाट चिपांकडे जाऊन जमाना झाला. सेकंड हँडच बघावी लागेल. जुन्या मशिनला नवी रॅम मानवत नाही, त्याच्याच वयाची लागते.

पण रॅम घेण्याआधी एक दिवस टास्क मॅनेजर उघडा ठेवून काम करा. नेहमी उघडता त्या सगळ्या फायली उघडा, सोबत ब्राउझरही. मेमरीचा आलेख छताला टेकत असेल तर रॅम कमी आहे. दीड जीबीवर रेंगाळत असेल आणि तरी मशिन अडकत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. पंधरा वर्षांच्या फिरत्या डिस्कवर रॅम ओतून काही होत नाही. साधी साटा एसएसडी (चिपांची, न फिरणारी डिस्क) तुमच्या बोर्डावर तिच्या पूर्ण वेगाने चालणार नाही, पण त्या डिस्कपुढे ती घोडा आहे. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर, २ जीबी असलेल्या मशिनला आधी रॅम आणि ४ असलेल्याला आधी एसएसडी, असं मी सांगतो. आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट येत नाहीत. तेव्हा या मशिनवर बँकेचे व्यवहार करू नका, पानंच लावा.

लॅपटॉपचं वेगळं. तिथे ही डेस्कटॉपची स्टिक बसणारच नाही. लॅपटॉपची स्टिक निम्म्या लांबीची असते, डीडीआर३ला २०४ पिनांची. चौथ्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना डीडीआर३एल लागते. 'एल' म्हणजे कमी व्होल्टेजची. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, ही १.३५ वर. लेबलवर पीसी३एल लिहिलेलं पाहूनच घ्या. साधी डीडीआर३ या लॅपटॉपमध्ये खाचेत नीट बसेल, खट्‌ आवाजही येईल, आणि लॅपटॉप सुरू होणार नाही. उलट दिशेला मात्र सोय आहे. डीडीआर३एल १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपला ती लावता येते.

घेण्याआधी खालचं झाकण उघडून स्लॉट किती ते बघा. त्या पिढीच्या बारीक लॅपटॉपमध्ये अनेकदा एकच स्लॉट असतो, किंवा ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट. एकच स्लॉट असेल तर ८ जीबीची, १६ चिपांची एक स्टिक घ्या आणि जुनी ४ ची विकून टाका. दोन असतील तर दुसरी ४ ची पुरेल. झाकण उघडायचं नसेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर स्लॉटनिहाय माहिती देतं. लिनक्सवाल्यांना त्यासाठी डीएमआयडीकोड ही कमांड आहेच. पण 'कमाल इतकी रॅम चालेल' हा जो आकडा बायोसकडून (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरकडून) येतो, त्यावर डोळे मिटून विसंबू नका, तो अनेकदा चुकीचा भरलेला असतो. कंपनीचा छापील आकडाही कधीकधी हातचं राखून दिलेला असतो. २०१२ सालच्या १३ इंची मॅकबुक प्रोला कागदावर ८ जीबीची मर्यादा होती, पण त्यात १६ जीबी घालून लोकांनी तो वर्षानुवर्षं वापरला.

आणि ज्यांच्याकडे अजून डीडीआर२ आहे त्यांच्यासाठी. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींच्या पिना २४०, पण मधली खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर ती चुकीची आहे. जोर लावू नका. अंगठ्याने दाबून स्लॉट चिरलेला बोर्ड माझ्याकडे आलेला आहे, त्यावर औषध नाही.

लावताना पॉवरची वायर मागून काढा आणि मग चालू करायचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. लॅपटॉपची बॅटरी सुटी करा. गुरुवारी लाइट गेलीय, मशिन बंदच आहे, तर एवढ्यात रॅम बदलून घेऊ असं करणारे आपल्याकडे आहेत. लाइट परत येते तेव्हा हात नेमका आत असतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत अंगावरच्या स्थिर विजेनेही चिप मरू शकते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. पावसाळ्यात उलट दुखणं. दमटपणाने पिनांवर थर चढतो आणि चांगली स्टिक मेल्यासारखी वागते. पांढऱ्या खोडरबराने पिना हलक्या पुसायचा आपला जुना उपाय चालतो, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते जास्त चांगलं.

स्टिक बसून स्क्रीन आला म्हणजे काम झालं असं समजू नका. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशिन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. सकाळी लाल ओळ एकही दिसता कामा नये. एक जरी दिसली तर स्टिका एकेक करून पुन्हा तपासा आणि दोषी असेल ती परत करा. 'एकच तर एरर आहे' म्हणून ठेवू नका, ती एरर नेमकी छपाईला द्यायच्या फायलीत उमटते.

खरेदीला जाताना जुनी स्टिक खिशात घेऊन जा. 'जी४१ आहे, तुमची स्टिक चालली नाही तर बदलून देणार का' हे आधी विचारा आणि होकार बिलावर लिहून घ्या. शक्य असेल तर कॅबिनेटच उचलून न्या. काउंटरवर लावून दाखवा म्हटलं की जो दुकानदार हसत वायर पुढे करतो त्याच्याकडून घ्या.

राहिली ती तुमची नवी ४ जीबीची स्टिक. चिपा मोजल्यावर ८ च निघाल्या तर ती घेऊन त्याच दुकानात जा आणि भांडण न करता एवढंच म्हणा, 'जी४१ आहे, लो डेन्सिटीची १६ चिपांची द्या.' लो डेन्सिटी म्हणजे कमी दाट चिपांची. हे ऐकलं की त्याला कळेल काय झालंय. बदलून नाहीच दिली तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीच्या आय३चा, एच६१ बोर्डाचा डेस्कटॉप कुणाकडे आहे ते विचारा. त्यांच्या मशिनला ही स्टिक चपखल बसेल. आणि १६ निघाल्या तर मात्र माझा अंदाज चुकला. मग ती एकटीच एका स्लॉटमध्ये लावा, मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत बसवा, मशिन सुरू करा, आणि काय दिसतं ते मला कळवा.